निघालेली गाडी

पौषातली थंडी पडली की आमच्या बीडमधल्या निम्म्या लोकांना आपण शेतकऱ्याची लेकरं असल्याचं आठवतं. एरवी भाकरीसुद्धा हॉटेलातून मागवणारी माणसं हुरडा, हुरडा करायला लागतात. फोनवर फोटो येतात. जमिनीतली आगटी, गोवऱ्यांचा निखारा, त्यात खोचलेली ज्वारीची हिरवी कणसं आणि शेजारी गॉगल लावून बसलेले हेडक्लार्क. पूर्वी हुरड्याला बोलावणं यायचं, आता बुकिंग करावं लागतं. माणशी दर असतो, लहान मुलांना निम्मा. मला हसू येतं आणि त्या हसण्यामागोमाग दुसरंच काहीतरी वर येतं, म्हणून मी फोन पालथा घालून ठेवते.

मी हुरडा खात नाही. ज्या कॉलेजात मी मराठी शिकवते तिथल्या नव्या मॅडम विचारतात, "पित्त होतं का हो तुम्हाला?" मी हो म्हणते. पित्ताचं एक बरं असतं, त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. ओवा खा, आल्याचा रस घ्या, एवढं सांगून लोक आपल्या वाटेला लागतात.

खरं कारण असं, की शालनअक्का गेली त्या वर्षापासून तलवाड्याला आमच्या शेतात आगटी पेटलेली नाही. अक्का माझी थोरली बहीण. ती गेली तेव्हा मी नववीत होते आणि आमचा भाऊ दत्ता अजून मायच्या कडेवर होता. ज्वारी दरवर्षी पेरली जाते, निसवते, कणसात दूध भरतं, पाखरं येतात. आमचे वडील, अण्णा, अगदी परवापरवापर्यंत बांधावर उभे राहून गोफण फिरवायचे. पण हुरडा हा शब्द घरात कुणी काढत नाही. आणि अक्काचं नाव तर अण्णांनी तेव्हापासून आजवर तोंडातून काढलेलं नाही.

लोकांना वाटतं मी वाढवून सांगते. शेजारच्या घरात शालन नावाचीच सून आली, तर अण्णा तिला 'ए पोरी' म्हणत राहिले. तिला नातवंडं झाली तरी ती अण्णांची पोरीच. माय शेवटच्या दुखण्यात तापाच्या भरात "शालन, पाणी दे गं" म्हणायला लागली, तेव्हा अण्णा उठून गोठ्यात गेले आणि गाईला वैरण टाकत बसले. गाईपुढं आधीच ढीग पडलेला होता.

माय गेली. दत्ताला अक्काचा चेहराही आठवत नाही. तिला ओळखणारी आमच्या घरात दोनच माणसं उरली, मी आणि अण्णा, आणि अण्णांना आता ओट्यावरून अंगणात उतरायलाही काठी लागते. हा माणूस तिचं नाव न घेता गेला, तर ती माझ्या एकटीच्या डोक्यात उरेल. माझं डोकं कसं आहे ते मला ठाऊक आहे, त्यात गॅस बंद केला का एवढंसुद्धा राहत नाही. मला फार काही नको होतं. अण्णांनी एकदा, फक्त एकदा 'शालन' म्हणावं, एवढंच हवं होतं.

तिची आठवण निघाली की आधी गाडी आठवते. पांढरी अँबेसिडर. अण्णांनी ती परभणीच्या एका डॉक्टरांकडून जुनी विकत घेतली होती. गावात तेव्हा ट्रॅक्टर होते, एकदोन जिपा होत्या, पण पाठीला मऊ लागेल अशी सीट असलेलं वाहन तेवढं एकच. त्यामुळे गावात लग्न ठरलं की मुलीचा बाप मंडपवाल्याच्या आधी आमच्याकडे यायचा. मुलगी पाटलाची असो नाहीतर मेंढरं वळणाऱ्याची, सासरी जाणार ती अण्णांच्या गाडीतून. भाडं नाही, डिझेलसुद्धा अण्णांचं. बाप जास्तच आढेवेढे घ्यायला लागला की अण्णा त्याला दटावायचे, "मग काय लेकीला ट्रॉलीत बसवून धाडतो का बे?"

पाठवणीच्या वेळचे अण्णांचे दोन नेम होते. नवरी रडत रडत गाडीपाशी आली की ते आपल्या जागेवरून उतरायचे, गाडीला वळसा घालायचे आणि मागचं दार स्वतः उघडून धरायचे. ती नीट बसली, पदर आत घेतला, की मग हळूच लावायचे. एरवी आमदार बसला असता तरी अण्णांनी दार उघडलं नसतं. म्हणायचे, "त्याला काय हात न्हाईत?" दुसरा नेम असा, की निघालेली गाडी माघारी घ्यायची नाही. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं, की मग काही राहो, कुणी राहो, गाडी पुढंच जाणार.

एकदा तर नवरदेवच राहिला. वाटेत लघवीला म्हणून उतरला आणि सगळ्यांना वाटलं, तो मित्रांच्या टेंपोत चढला. नवरी नवी, तिला बोलायची लाज. बरंच अंतर गेल्यावर करवलीच्या ध्यानात आलं आणि गाडीत एकच गलका उडाला, "अण्णा, घ्या माघारी!" अण्णांनी गाडी लिंबाखाली उभी केली, खाली उतरून बिडी पेटवली आणि म्हणाले, "माघारी न्हाई. थांबतो पायजे तेवढं." मग लांबून नवरदेव पळत येताना दिसला, एका हातात मुंडावळ्या आणि दुसऱ्या हातात धोतराचा सोगा. रडून रडून डोळे सुजलेली नवरी पदर तोंडात कोंबून हसायला लागली. अण्णा तिला म्हणाले, "बघ पोरी, पळणारा हाय. संसार चांगला हुतोय तुजा." हा किस्सा आमच्या घरी पाहुण्यांना चहाबरोबर मिळायचा. नंतर तो सांगायचं आपोआप बंद झालं.

अक्का त्याच गाडीतून सासरी गेली. लग्नाच्या आधी मागच्या दाराची काच खालीवर करायच्या हँडलची मूठ तुटली होती. बाजारात मिळत नव्हती, म्हणून अण्णांनी बाभळीच्या लाकडाची मूठ स्वतः तासून बसवली. गाडीत एवढी एकच वस्तू त्यांच्या हातची. अक्का बसली तेव्हा तिचे हात हळदीने भरलेले होते आणि गाडी सुटताना तिने ती मूठ घट्ट धरली. मूठ कितीतरी दिवस पिवळी होती. मायने ती पुसू दिली नाही.

अक्काचं सासर माजलगावच्या पलीकडे. धरणाचं पाणी, उसाचं बागायत, दारात दोन ट्रॅक्टर. कोरडवाहूतली लेक पाण्यावर गेली म्हणून अण्णा गावभर छाती काढून फिरत होते. लग्नानंतरच्या पहिल्या पौषात ते तिला हुरड्याला घेऊन आले. ते चारपाच दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हिवाळा आहेत. आणि त्याच दिवसांचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तेव्हा सगळं डोळ्यांसमोर होतं.

सकाळी दव इतकं पडायचं की ज्वारीच्या ओळींतून गेलं तर परकर गुडघ्यापर्यंत ओला. अण्णा आगटीपाशी उकिडवे बसत. गुळभेंडी ज्वारीची गोड कणसं निखाऱ्यात खोचायची, सालीला चटका बसला की काढायची, आणि गरम गरम तळहातावर चोळायची. हात भाजतो, पण त्यात मजा असते. मग फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे, लुसलुशीत दाणे तोंडात टाकायचे. सोबत तिळाची चटणी, गुळाचा खडा, मायने विरजलेलं दही. धूर ज्याच्याकडे जाईल तो सासूचा लाडका, असं आम्ही म्हणायचो. धूर सारखा अक्काकडेच जात होता आणि ती खोकत होती.

कणीस चोळून झालं की ती तळहात तोंडाशी न्यायची आणि थांबायची. तिला फुंकर पुरत नव्हती. कोंडा तसाच राहायचा.

"अण्णा, मला मारवंना फुंकर," ती हसत म्हणाली.

"सासरी ऊस खाऊन दात जातेत म्हणून ऐकलंतं. तुजी फुंकर गेली का?" अण्णा म्हणाले. आम्ही सगळे हसलो, अक्काही हसली. मग अण्णांनी तिचा हात आपल्या तोंडाशी धरला आणि फुंकर मारून दिली. त्या दिवसांत तिचा हुरडा तेच पाखडून द्यायचे. शेतावरून घरी येताना ती बांधावर मध्येच बसायची. मायने एकदा विचारलं तर म्हणाली, "धाप लागती गं जरा." मायने अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "नवं घर हाय. नवा गाडा वढताना बैलालाबी धाप लागती."

तिला परत पोचवायला निघालो तेव्हा मी पुढे अण्णांशेजारी बसले होते. मागे अक्का एकटी, शेजारी हुरड्याची पिशवी, मायने बांधून दिलेली. उसाचे दिवस असल्याने रस्ताभर बैलगाड्या आणि ट्रॉल्या. उसाचं हिरवं वाढं रस्त्यावर सांडलेलं आणि हवेत कारखान्याच्या मळीचा आंबट वास. सिंदफणेच्या पुलावर पुढच्या गाड्या अडकल्या होत्या, म्हणून आम्हीही थांबलो. तेव्हा अक्का मागून म्हणाली, "अण्णा, गाडी माघारी घ्या ना."

"काय इसरलं का?"

"न्हाई. मला धाप लागती. तिथं पाण्याच्या खेपा हुईनात माझ्यानं. दवाखान्यात चला म्हणलं तर नखरे करती म्हणतेत. थोडे दिवस ऱ्हाऊ द्या मला घरी."

अण्णांनी वरच्या आरशात बघितलं. मीही बघितलं. अक्का रडत नव्हती. तिने ती लाकडी मूठ धरली होती आणि शाळेत बाईंना काही विचारावं तशी ती विचारत होती.

"शालन, निघालेली गाडी माघारी घेत नसतेत, बाय," अण्णा म्हणाले, अगदी मायेने. "पाडव्याला येतोच की न्यायला. मग ऱ्हा महिनाभर. मी सोता दावतो तुला डाक्टरला."

"बरं," अक्का म्हणाली.

पुढची बैलगाडी हलली. आम्ही पूल ओलांडला. तिच्या सासरच्या दारात अण्णा उतरले, वळसा घालून आले, दार उघडून धरलं आणि अक्का पदर सावरत उतरली. त्या पुलावर त्यांनी घेतलं ते तिचं नाव शेवटचं.

पाडवा आला नाही. म्हणजे तो आला, पण त्याआधी शिमग्याच्या सुमारास निरोप आला. तिला बीडच्या मोठ्या दवाखान्यात आणेपर्यंत सगळं संपत आलं होतं. हृदयाची झडप खराब होती, लहानपणापासूनच असेल, असं डॉक्टर म्हणाले. जाता जाता, दुसऱ्या पेशंटकडे वळता वळता, ते आणखी एक वाक्य बोलले, "थोडं आधी आणलं असतं तर." त्यांच्यासाठी ते रोजचं वाक्य असणार. अण्णा तिथेच भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि मी त्यांना ते ऐकताना पाहिलं.

ज्वारीची खळी व्हायच्या आत त्यांनी गाडी विकली. मिरच्यांच्या पोत्याला रुपया कमी करायला अर्धा बाजार घालवणारा माणूस, त्याने माजलगावच्या व्यापाऱ्याला एवढंच विचारलं, "कवा नेता?" तो व्यापारीही गोंधळला असेल. तेव्हापासून अण्णा एसटीने फिरायचे. जागा नसली तर दांडी धरून उभे राहायचे. दत्ताने मोठा झाल्यावर जीप घेतली तर ते तिच्यात एकदाही बसले नाहीत.

या नेमाचा मी खूप विचार केला आहे. माझं वय वाढलं तसा त्यावरचा राग थोडा उतरला, पण गेला नाही. रीत काही दुष्टपणाने घातलेली नव्हती. लेक रडायला लागली की कुठल्याही बापाचा पाय ब्रेकवर जातो. त्या रडण्यावर गाड्या माघारी फिरल्या असत्या तर गावात एकही संसार उभा राहिला नसता. म्हणून कुणीतरी जुन्या माणसाने ठरवून टाकलं असेल, की निघालं ते निघालं. पण ती रीत रडणाऱ्या लेकींसाठी होती. अक्का रडत नव्हती, ती सांगत होती. दोहोंतला फरक ओळखायला अण्णांनी नुसती मान मागे वळवायला हवी होती. त्यांनी आरशात बघितलं.

त्यांना मी हे कधी बोलले नाही. कुणी बोलायची गरज नव्हती, ते रोज स्वतःला बोलतच असणार.

यंदा कॉलेजातल्या सगळ्यांनी हट्टच धरला. नुसत्या चहाला चला, म्हणाले. माजलगाव रस्त्यावर एकाने शेतात हुरडा पार्टीची जागा काढली आहे. बाजा टाकलेल्या, कंदील टांगलेले, झोका, बैलगाडीची एक फेरी फुकट. आणि एका कडेला झेंडूच्या माळा घालून फोटोसाठी उभी केलेली जुनी पांढरी अँबेसिडर. लोक आत बसून, काचेतून तोंड बाहेर काढून फोटो घेत होते. मी लांबूनच बघत होते. अँबेसिडर काय, एकीसारखी दुसरी असते. पण एक नवं जोडपं मागच्या सीटवरून उतरलं आणि दार उघडंच राहिलं. आत काचेच्या हँडलला लाकडाची मूठ होती.

मी जाऊन बसले. मूठ हात लागून लागून काळी, गुळगुळीत झाली होती. पिवळेपणाचा मागमूस नव्हता, तो कसा असणार? पण तासताना अण्णांच्या पटाशीने एका बाजूला उतार जास्त झाला होता, अंगठा बरोबर तिथं बसायचा. माझा अंगठा तिथं बसला. बाहेरून आमच्या शिपाईमामांनी ओरडून सांगितलं, "मॅडम, हसा की जरा!" मी हसले असणार, कारण तो फोटो आहे माझ्याकडे.

पुढच्या रविवारी मी रशीदभाईंना घेऊन परत गेले. माझी स्कूटी दुरुस्त करणारे हे आमच्या गल्लीतले मेकॅनिक. जागेचे मालक भागवतराव, चांगला गप्पिष्ट माणूस. मी गाडी आमचीच होती हे सांगितलं नाही. गरज दाखवली की भाव वाढतो, हे अण्णांच्या मागे बाजार फिरून शिकलेली पोर मी.

"क्लासिक हाय ताई ही," भागवतराव म्हणाले. "पुण्याचे लोक आलते, ते क्लासिक म्हणतेत हिला."

"क्लासिक म्हणजे काय हो?"

त्यांनी जरा विचार केला. "मंजी जुनं, पन म्हाग."

मग मी अण्णांसारखीच गाडीभोवती फिरले. गंज दाखवला, फाटकं छत दाखवलं, टायरला चपलेचं टोक लावलं. त्यांनी चहा मागवला, तो मी सावकाश प्यायले. रशीदभाई गाडीखाली गेले, वर आले, इंजिन चालू करून बघितलं. ते खोकत खोकत चालू झालं. त्यांनी गिअर टाकून बघितले आणि मान हलवली.

"मॅडम, इंजन अच्छा हाय. पन रिव्हर्स पडतच न्हाई. ढकलूनच मागं घ्यावी लागती."

"आता फोटोलाच उभी ऱ्हाती ती," भागवतराव हसून म्हणाले. "तिला कशाला माघारी जायाचंय?"

मी पाठ फिरवली. समोर ज्वारी होती, कणसांवर पाखरं बसली होती, आणि मला ते काही नीट दिसत नव्हतं. मी पदराने डोळे टिपत तशीच उभी राहिले. पाठ फिरवणं हा बाजारातला शेवटचा डाव असतो. भागवतरावांना वाटलं, बाई निघाली. मागून त्यांचा आवाज आला, आधीच्यापेक्षा बराच खाली उतरलेला भाव घेऊन. मला अजून वळता येईना, तर ते आणखी उतरले. शेवटी गाडी नव्या स्कूटीच्या किमतीत ठरली. परत येताना रशीदभाई कौतुकाने म्हणाले, "मॅडम, मानलं. काय पाठ फिरवली तुमी!"

इतकी स्वस्त वस्तू मी आयुष्यात घेतली नाही. आणि इतकं वाईटही कुठल्या खरेदीनंतर वाटलं नाही. अक्काची जागा, अण्णांच्या हातची मूठ, गावातल्या साऱ्या पोरींची आसवं प्यायलेली ती सीट, आणि मी घासाघीस करून आले होते.

रिव्हर्सचं काम करून देतो म्हणाले रशीदभाई, पण जुने पार्ट शोधावे लागणार होते. मला थांबायचं नव्हतं. ज्वारी काही थांबत नाही, आठवडाभरात दाणा टणक होतो आणि हुरड्याचे दिवस संपतात. मला ते दिवस आहेत तोवरच अण्णांसमोर ती गाडी उभी करायची होती. मग ते रागावले तर रागावोत, मला हाकलोत. पण आता तरी बोलतील, असं मला वाटत होतं.

तलवाड्याला जाताना रशीदभाई चालवत होते आणि मी मागे बसले होते. या गाडीतून कुठं जाताना मी पहिल्यांदाच मागे बसत होते. मागून पुढच्या माणसाची फक्त पाठ दिसते आणि वरच्या आरशात डोळ्यांची एक पट्टी. अक्काला अण्णा एवढेच दिसले असणार.

घर आलं तेव्हा उन्हं कलायला लागली होती. अण्णा ओट्यावर बसले होते. रशीदभाईंना फाटक कळलं नाही, गाडी थोडी पुढे गेली आणि पिंपळाच्या पाराशी थांबली. दत्ता गोठ्यातून बाहेर आला आणि बघतच राहिला. त्याला ती गाडी फक्त ऐकून माहीत होती. अण्णांनी आवाज ओळखला होता. मी उतरून बघितलं तर ते काठी टेकत फाटकातून बाहेर येत होते.

ते गाडीपर्यंत आले. पुढून मागे गेले, मागून पुढे आले. पांढऱ्या पत्र्यावर त्यांनी हात फिरवला, झेंडूची एक वाळकी पाकळी राहिली होती ती काढून टाकली. मग मागच्या काचेतून आत वाकून बघितलं. त्यांना मूठ दिसली. किती वेळ ते तसेच वाकून उभे होते. मी वाट बघत होते.

शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "कावून आणली, सुमन?"

वाटेत कितीतरी वाक्यं जुळवली होती मी. पण मी म्हणाले, "अण्णा, स्वस्तात मिळाली."

मध्ये रशीदभाई बिचारे अवघडून उभे. त्यांना काहीतरी बोलावंसं वाटलं. "बाबा, गाडी पुढं गेली थोडी. फाटकात घ्यायची तर माघारी घ्यावी लागंल. अन् रिव्हर्स पडत न्हाई हिला."

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. मग काठी माझ्या हातात दिली. गाडीच्या पुढे गेले, बॉनेटवर दोन्ही तळहात टेकले आणि पाय रोवले. दत्ता धावला, "अण्णा, सोडा, आमी ढकलतो," म्हणाला. अण्णा त्याच्यावर खेकसले, "बाजूला व्हय!" तरीही दत्ताने एका कडेने हात लावलाच, रशीदभाई खिडकीतून स्टिअरिंग वळवत दुसऱ्या कडेने ढकलायला लागले, मीही काठी टाकून हात लावला. जमीन फाटकाकडे जराशी उताराची होती. आधी काही हललं नाही, मग चाकाखालचा खडा करकरला आणि ती जुनी, जड गाडी इंचाइंचाने मागे सरकायला लागली.

अण्णांचा श्वास मला ऐकू येत होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. धाप लागली होती त्यांना, अगदी तशीच, पण ते थांबेनात. मागची सीट आधी फाटकातून आत गेली, मग सबंध गाडी अंगणात आली. अण्णा तसेच बॉनेटवर ओणवे राहिले, कपाळ पत्र्याला टेकवून, आणि त्या धापेतून त्यांचा आवाज आला.

"घेतली गं शालन. घेतली माघारी."

मला वाटलं होतं, ते नाव ऐकलं की माझ्या मनावरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. उलट इतकी वर्षं आम्ही दोघं जे धरून बसलो होतो ते आता अंगणात सगळ्यांदेखत पडलं होतं आणि ते उचलायचं कसं, कुणालाच ठाऊक नव्हतं. दत्ता, ज्याला अक्का आठवतही नाही, तो पाराकडे तोंड करून रडत होता.

अण्णा सरळ झाले. धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. काठी न घेताच, गाडीला हात धरत धरत त्यांनी वळसा घातला आणि मागचं दार उघडलं. पूर्वी धरायचे तसंच ते उघडून धरून उभे राहिले, जरा बाजूला सरकून, उतरणाऱ्याला वाट देत. आत सीटवर कुणी नव्हतं. ऊन पार उतरलं, गाई हंबरायला लागल्या, तरी ते दार धरून उभेच होते, आणि आम्ही कुणी त्यांना लावा म्हणालो नाही.